मेंदूच्या दुखापतीनंतरचे पुनर्वसन : घर आणि दैनंदिन कौशल्ये

रस्ते अपघातातील जखमींना रोकडरहित उपचार मिळावेत यासाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये एक योजना अधिसूचित केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ अन्वये आखलेल्या या योजनेत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे कमाल दीड लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात ‘सुवर्ण तास’ या संकल्पनेची व्याख्या समाविष्ट झाली होती. गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, हे तिचे सूत्र. जीव वाचविण्याच्या दृष्टीने ही वाटचाल निश्चितच मोलाची आहे. तथापि, डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाचा विचार केला तर सातवा दिवस हा आजाराचा शेवट नसून फार तर पहिला टप्पा असतो. पुढे काही आठवड्यांनी तो घरी येतो. जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात, तो चालू-बोलू लागलेला असतो. आणि तरीही त्याला स्वतःचा चहा करता येत नाही.

हा चहा का करता येत नाही आणि तो पुन्हा करता यावा यासाठी काय करावे लागते, हा वैद्यकशास्त्राइतकाच सामाजिक धोरणाचाही प्रश्न आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व ४,४३,३६६ व्यक्ती जखमी झाल्या. मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्ती १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. त्या वर्षी हेल्मेट न घातल्यामुळे प्राण गमावलेल्यांची संख्या ५०,०२९ इतकी नोंदली गेली. या आकड्यांत एक गोष्ट मात्र दिसत नाही. जखमींपैकी किती जणांच्या मेंदूला इजा झाली आणि वर्षभरानंतर त्यांतील किती जण स्वतःचे स्वतः आंघोळ करून कामावर जाऊ शकतात, याची नोंद अशा अहवालांत नसते. मृत्यू मोजला जातो, जखम मोजली जाते. जखमेनंतरचे आयुष्य मोजणारी व्यवस्था आपल्याकडे फारशी उभी राहिलेली नाही.

रस्ते अपघात हे मेंदूच्या आघातजन्य इजेचे प्रमुख कारण असले तरी एकमेव नव्हे. उंचावरून पडणे हे दुसरे मोठे कारण. बांधकामाच्या परातीवरून पडणारा मजूर, नारळाच्या वा ताडाच्या झाडावरून पडणारा कामगार, कठडा नसलेल्या गच्चीवरून पडणारे मूल आणि न्हाणीघरात घसरणारी वृद्ध व्यक्ती ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. पक्षाघात, मेंदूज्वर किंवा प्राणवायूच्या अभावामुळेही मेंदूची हानी होते. कारणे वेगवेगळी असली तरी घरी परतल्यावरच्या अडचणी पुष्कळशा समान असतात.

इजेची तीव्रता ठरविण्यासाठी १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी मांडलेली मोजपट्टी जगभर वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन प्रतिसादांना गुण देऊन ३ ते १५ असा निर्देशांक काढला जातो. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा, नऊ ते बारा म्हणजे मध्यम आणि तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य. परीक्षेच्या दृष्टीने ही वर्गवारी लक्षात ठेवावी. मात्र ती पहिल्या काही तासांतील शुद्धीची अवस्था सांगते, रुग्ण पुढे घर कसे सांभाळील हे सांगत नाही, याचाही विसर पडू नये.

न दिसणारे अपंगत्व

हात किंवा पाय लुळा पडला तर तो सर्वांना दिसतो. अवधान, स्मृती आणि नियोजन यांत झालेली तूट मात्र घरच्यांनाही प्रथम ओळखता येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली व्यक्ती दिवसभर खाटेवर बसून राहते. तिला कोणी ‘ऊठ, दात घास’ म्हटले की ती उठते, पण स्वतःहून उठत नाही. कामाला आरंभ करण्याची क्षमताच क्षीण झालेली असते. घरात याला आळस म्हणतात. काही जणांना राग आवरत नाही, क्षुल्लक कारणावरून ते भांडे फेकतात. याला माज किंवा वेड म्हणतात. आणखी काही जणांना आपल्यात काही कमी आहे याची जाणीवच नसते. तेही इजेचेच लक्षण होय, हट्ट नव्हे. अनेक कुटुंबांत पहिली दोन वर्षे या चुकीच्या नावांपायी वाया जातात आणि शिकविण्याचा सर्वांत फलदायी काळ दोषारोपात निघून जातो.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यास आणखी एक विलक्षण अवस्था उद्भवू शकते. रुग्णाची दृष्टी शाबूत असूनही त्याचे लक्ष डाव्या बाजूकडे जातच नाही. तो ताटातील उजव्या बाजूचे जेवतो, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते आणि ‘मला वाढलेच नाही’ अशी तक्रार करतो. सदऱ्याची उजवी बाही घालतो, डावी लोंबत राहते. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. ताट फिरवून ठेवल्यावर राहिलेले अन्न त्याला ‘दिसते’. हे पाहिल्यावर घरच्यांना प्रथमच कळते की तक्रार खोटी नव्हती.

याखेरीज थकवा ही एक दुर्लक्षित बाब आहे. पूर्वी न विचार करता होणारी कामे आता लक्षपूर्वक करावी लागतात, त्यामुळे अर्ध्या तासात मेंदू शिणतो. सकाळी नीट सदरा घालणारा माणूस संध्याकाळी बटणे चुकवितो, ते यामुळे.

दैनंदिन कौशल्ये म्हणजे काय?

पुनर्वसनशास्त्रात दैनंदिन कृतींचे दोन स्तर मानले जातात. पहिला स्तर स्वतःच्या देहाची काळजी घेण्याचा : जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, शौच, अंथरुणातून उठून बसणे, चालणे, जिना चढणे. यांचे मोजमाप करण्यासाठी १९६५ साली महोनी व बार्थेल यांनी दहा बाबींचा, शून्य ते शंभर गुणांचा निर्देशांक तयार केला. तो बार्थेल निर्देशांक म्हणून ओळखला जातो. दुसरा स्तर संसार चालविण्याचा. लॉटन व ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये त्यात आठ बाबी धरल्या : दूरध्वनी वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचा व्यवहार.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण तो निर्णायक आहे. बार्थेल निर्देशांकात शंभरपैकी शंभर गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेलच असे नाही, हे त्याच्या कर्त्यांनीच नमूद केले होते. तो आंघोळ करील, पण स्वयंपाक व घर त्याला सांभाळता येईलच असे नाही. मेंदूच्या इजेत नेमके हेच घडते. रुग्णालयातून ‘बरा झाला’ म्हणून घरी पाठविलेला तरुण पहिल्या स्तरावर जवळजवळ पूर्ण असतो आणि दुसऱ्या स्तरावर बालकासारखा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या ‘कार्यक्षमता, अपंगत्व व आरोग्य यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणा’ने या विचाराला सैद्धांतिक बैठक दिली. शरीरातील बिघाड, कृतींवरील मर्यादा आणि समाजातील सहभाग हे तीन घटक त्यात वेगळे केले असून, भोवतालची परिस्थिती त्यांवर प्रभाव टाकते असे मानले आहे. म्हणजेच मेंदूतील जखम तीच राहिली तरी घराची रचना आणि घरच्यांची वागणूक बदलून माणसाची कार्यक्षमता वाढविता येते. या लेखातील पुढील विवेचनाचा आधार हाच आहे.

हरवलेले परत कसे येते?

मेंदूतील नष्ट झालेल्या पेशी सहसा पुन्हा निर्माण होत नाहीत. मात्र शाबूत पेशी परस्परांशी नवे संबंध जोडतात, काही कामे दुसऱ्या मार्गांनी होऊ लागतात. याला मेंदूची लवचीकता म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उरल प्रदेशातील रुग्णालयात काम करताना सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी याच दिशेने विचार मांडला. हरवलेले कार्य जसेच्या तसे परत आणण्याचा आग्रह न धरता ते शाबूत क्षमतांच्या आधारे नव्याने बांधावे, असे त्यांच्या पद्धतीचे सार सांगता येईल. या प्रक्रियेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, पुढे तो मंदावतो. पण सरावाने होणारी सुधारणा काही वर्षांपर्यंत चालू राहू शकते. ‘सहा महिन्यांत जे आले ते आले’ ही घरोघरी सांगितली जाणारी समजूत त्यामुळे बरोबर नाही.

दुसरी महत्त्वाची बाब स्मृतीच्या प्रकारांविषयीची. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवी घटना लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून तारकेची आकृती गिरविण्याचे काम दिले. प्रत्येक दिवशी हे काम आपण प्रथमच करीत आहोत असे त्याला वाटे, तरीही त्याचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. याचा अर्थ, घटनेची स्मृती आणि हाताला वळण लागण्याची स्मृती या मेंदूत वेगळ्या व्यवस्था आहेत. सकाळी सांगितलेले दुपारी विसरणारा माणूस रोज त्याच क्रमाने तेच काम करून ते शिकू शकतो. त्याला ‘लक्षात ठेव’ असे सांगणे निरर्थक. त्याच्या हाताला सवय लावणे शक्य.

येथून शिकविण्याचे एक तत्त्व निघते. निरोगी माणूस चुकत चुकत शिकतो, कारण झालेली चूक त्याला आठवते. स्मृती दुबळी असलेल्या माणसाला चूक आठवत नाही, पण चुकीची कृती मात्र हाताला लागते. म्हणून बॅडली व विल्सन यांनी १९९४ मध्ये अशा रुग्णांबाबत ‘चूक होऊ न देता शिकविणे’ अधिक परिणामकारक ठरते असे दाखवून दिले. ‘ओळख पाहू, आता काय घालायचे?’ अशी परीक्षा घेण्यापेक्षा ‘आता साखर’ असे सांगून साखरेचा डबा पुढे करणे व हळूहळू सांगणे कमी करीत जाणे श्रेयस्कर. परीक्षा घेण्याची हौस पाहुण्यांना फार असते. ‘मी कोण, ओळखलेस का?’ हा प्रश्न रुग्णासाठी उपचार नव्हे, शिक्षाच असते.

घरातील सराव

आता चहाकडे वळू. भांडे घेणे, पाणी मोजणे, गॅस पेटविणे, साखर व पत्ती टाकणे, उकळी येईपर्यंत थांबणे, दूध घालणे, गॅस बंद करणे, गाळणे. एका साध्या कामात सात-आठ पायऱ्या असून मध्ये थांबण्याचा काळही आहे. नियोजनक्षमता गेलेला माणूस यांपैकी कोणतीही एक कृती सहज करतो, पण त्यांची माळ त्याच्याकडून ओवली जात नाही. थांबण्याच्या काळात तो बाहेर जाऊन बसतो आणि गॅस चालू राहतो.

अशा वेळी व्यवसायोपचार तज्ज्ञ शेवटाकडून शिकविण्याची पद्धत सुचवितात. आरंभी सर्व चहा घरच्यांनी करावा व रुग्णाने तो फक्त कपात गाळावा. ते अंगवळणी पडले की गॅस बंद करून गाळावा. मग दूध घालण्यापासून पुढचे सर्व त्याने करावे. असे एकेक पाऊल मागे येत जावे. या पद्धतीत प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचे समाधान रुग्णाच्या वाट्याला येते. डब्यांच्या जागा बदलू नयेत, ओट्यावर फक्त चहाचे साहित्य ठेवावे आणि पायऱ्यांची चित्रे भिंतीवर क्रमाने लावावीत. दोन बायकांनी दोन रीतींनी चहा शिकवू नये. घरात एकच रीत ठरवावी, हे संयुक्त कुटुंबात विशेष सांगावे लागते.

कपड्यांबाबत सोपा नियम असा की, दुबळा हात आधी घालावा व शेवटी काढावा. नाडीऐवजी इलास्टिक, बटणांऐवजी चिकटपट्टी, पुढे उघडणारे पोलके असे बदल पहिल्या काही महिन्यांत उपयोगी पडतात. नऊवारी किंवा पाचवारी साडीच्या निऱ्या एका हाताने होत नाहीत. तेथे शिवलेल्या निऱ्यांची साडी किंवा काही काळ गाऊन स्वीकारावा लागतो. या बाबतीत सासर-माहेरच्या मानपानापेक्षा त्या स्त्रीला स्वतःचे कपडे स्वतः घालता येणे अधिक महत्त्वाचे ठरते.

आंघोळीसाठी बादलीशेजारी पक्के स्टूल, ओल्या फरशीवर खरखरीत चटई आणि भिंतीला धरण्यासाठी दांडी हवी. गंभीर इजेनंतर फिट येण्याचा धोका दीर्घकाळ राहतो, म्हणून न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नये; त्याच कारणाने विहीर, तळे व नदी येथे एकट्याने जाणे टाळावे आणि वाहन चालविण्यास डॉक्टरांच्या परवानगीवाचून सुरुवात करू नये. भारतीय पद्धतीचे शौचकूप गुडघ्यांवर व तोलावर भार टाकते. त्यावर ठेवण्याची बैठक बाजारात मिळते, नसल्यास गावातील सुतारही मध्यभागी भोक पाडलेली खुर्ची करून देऊ शकतो.

पाश्चात्त्य मोजपट्ट्यांत काटा-चमच्याने जेवणे गृहीत असते. आपल्याकडे बोटांनी भात कालवून खाणे दुबळ्या हातालाही लवकर जमते, पण एका हाताने भाकरी मोडणे अवघड जाते. भाकरीचे तुकडे करून वाढणे ही मदत योग्य. घास भरविणे ही मदत बहुधा घातक. डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होत असल्यास ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावावी, लाल रंग दिसेपर्यंत मान वळविण्याची सवय लावावी आणि घरच्यांनी डाव्या बाजूस बसून बोलावे. तांदूळ निवडणे, शेंगा सोलणे, वाती वळणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे अवधान व बोटांची हालचाल यांचा उत्तम सराव देतात. त्यांसाठी विकतची साधने लागत नाहीत, आणि संध्याकाळी त्याच शेंगांची भाजी ताटात येते याचे मोल कोणत्याही प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांना नाही.

स्मृतीसाठी बाह्य आधार द्यावे लागतात. भिंतीवरील दिनदर्शिकेत झालेला दिवस खोडणे, दोरीने बांधलेली एकच वही, वारांचे कप्पे असलेली औषधांची डबी, मोबाइलचा गजर ही साधने स्वस्त आहेत. ती वापरण्याची सवय मात्र महिनोन्‌महिने लावावी लागते. वहीत काय लिहायचे हे घरच्यांनी सांगावे, पण लिहावे रुग्णानेच. निरक्षर व्यक्तीसाठी चित्रे व रंग वापरता येतात.

पैशांचा व्यवहार सर्वांत शेवटी येतो व सर्वांत जपून शिकवावा लागतो. प्रथम नाणी ओळखणे, मग शेजारच्या किराणा दुकानातून एकच जिन्नस, मग तीन जिन्नसांची यादी. दुकानदाराला विश्वासात घेतल्यास तोही या शिक्षणाचा भागीदार होतो. मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय अशा माणसासाठी दुधारी आहे. आवेग न आवरणारा व सहज विश्वास ठेवणारा रुग्ण फसवणुकीस बळी पडतो, म्हणून खात्यावर लहान रकमेची मर्यादा घालून घ्यावी.

मदत किती करावी, हा सर्व घरांतील कळीचा प्रश्न. आपल्या संस्कृतीत आजाऱ्याला काम करू देणे कमीपणाचे मानले जाते. आई भरविते, पत्नी कपडे चढविते, भाऊ उचलून नेतो. प्रेमापोटी केलेली ही सेवा सहा महिने चालली की शाबूत असलेली कौशल्येही न वापरल्याने गळतात. सदरा घालायला वीस मिनिटे लागत असतील तर वीस मिनिटे थांबणे हाच उपचार. परंतु सकाळी सातला कामावर निघणाऱ्या घरात ही वीस मिनिटे कोठून आणायची, हा प्रश्न उपदेशाने सुटत नाही. बहुतेक घरांत ही जबाबदारी एकाच स्त्रीवर पडते. तिची मजुरी बुडते आणि तिची झोपही. काळजी घेणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून काही तास मोकळीक देणारी व्यवस्था नसेल तर घरगुती पुनर्वसनाची सारी कल्पना तिच्या श्रमांवर उभी राहते, हे स्पष्टपणे मांडले पाहिजे.

यातच काही ठिकाणी मूलपेशींच्या इंजेक्शनांनी मेंदू पूर्ववत करण्याची आश्वासने दिली जातात आणि कुटुंबे त्यासाठी जमीन विकतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त रक्तविकार इत्यादी आजार वगळता, चाचणीबाहेर असे उपचार करणे अनैतिक ठरते.

कायदा कोठे उभा आहे?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. त्यानंतर आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला व प्रकारांची संख्या २१ झाली. मात्र मेंदूची आघातजन्य इजा या यादीत स्वतंत्रपणे नाही. अशा व्यक्तीला हातापायांतील दुर्बलतेसाठी चलनवलनविषयक अपंगत्वाचे, वाचाघातासाठी वाचा व भाषा अपंगत्वाचे किंवा लागू असल्यास बहुविकलांगतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ज्याचे हातपाय व वाचा शाबूत आहे, पण स्मृती व नियोजन गेले आहे, अशा प्रौढाची स्थिती सर्वांत अवघड होते. लाभांसाठी ४० टक्के अपंगत्वाचा निकष आहे. आणि जे दिसत नाही ते टक्केवारीत बसविणे कठीण जाते.

अधिनियमातील काही तरतुदी या विषयाशी थेट संबंधित आहेत. कलम १४ मर्यादित पालकत्वाची सोय करते. त्यात पालकाने संबंधित व्यक्तीशी विचारविनिमय करून संयुक्तपणे निर्णय घेणे अपेक्षित आहे. कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी परिचारक भत्त्याचा उल्लेख आहे. कलम २७ शासनावर पुनर्वसन सेवांची जबाबदारी टाकते, पण ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ या शब्दांनिशी. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता किंवा पदावनत करता येत नाही, असे कलम २० चे उपकलम ४ सांगते. पूर्वीचे पद झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे लागते. असंघटित क्षेत्रातील मजुराला असे संरक्षण नाही, आणि परातीवरून पडणारा मजूर बहुधा त्याच क्षेत्रातील असतो.

नुकसानभरपाईच्या क्षेत्रात न्यायालयांनी अधिक स्पष्ट भूमिका घेतली आहे. वैद्यकीय टक्केवारी व कमाविण्याच्या क्षमतेतील घट या भिन्न बाबी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील निकालात विशद केले. अपघातात डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका बालिकेच्या प्रकरणात २०२० मध्ये याच न्यायालयाने परिचारकांच्या खर्चालाही गुणक पद्धत लावली. दरमहा पाच हजार रुपये याप्रमाणे दोन परिचारक व १८ हा गुणक धरून त्यासाठी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर झाले. घरातील काळजी हे श्रम आहेत आणि त्यांना किंमत आहे, याची ही ठोस न्यायिक नोंद होय.

दारापर्यंतची सेवा

मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा सुरू केली. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत मज्जाविकारग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. परंपरा जुनी असली तरी तज्ज्ञ मंडळी महानगरांतच एकवटलेली आहेत. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय राष्ट्रीय आयोग अधिनियमाने भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांना प्रथमच राष्ट्रीय नियमनाखाली आणले. त्यामुळे शिक्षणात एकसूत्रता येईल, परंतु तालुक्याच्या गावी तज्ज्ञ पोहोचण्यासाठी तेथे पदे निर्माण व्हावी लागतील.

घरी जाऊन सेवा देण्याचे प्रयोग देशात झालेले आहेत. केरळने २००८ मध्ये परिहारक सेवेचे धोरण स्वीकारले व ग्रामपंचायतींच्या माध्यमातून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी परिचारिका जाऊ लागल्या. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ म्हणजे लोकांच्या दारी वैद्यकीय सेवा ही योजना सुरू केली. तिच्यात रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांबरोबर घरी भौतिकोपचाराचाही समावेश करण्यात आला. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांमध्ये वृद्ध व परिहारक सेवा आहे. मेंदूच्या इजेचे रुग्ण तरुण असतात आणि मरणासन्नही नसतात, त्यामुळे या चौकटींत ते सहज बसत नाहीत. तरीही याच मार्गाने त्यांच्यापर्यंत पोहोचणे व्यवहार्य दिसते, कारण त्यासाठी नवी इमारत किंवा महागडे यंत्र लागत नाही.

लागते ते प्रशिक्षण. रुग्णालयातून घरी पाठविताना कागदावर औषधांची नावे असतात, दैनंदिन कृतींची नोंद नसते. तेथे बार्थेल निर्देशांक आणि लॉटन यांच्या आठ बाबी मराठी, तमिळ, हिंदी अशा रुग्णाच्या भाषेत नोंदवून दिल्या, तर आरोग्यसेविकेला पुढील भेटींत तुलना करण्यास आधार मिळेल. पहिल्या भेटीत तिने न्हाणीघराची कडी, शौचकूप, ओटा आणि जिना पाहावा. तिसऱ्या महिन्यात विचारावे : कपडे कोण घालते? औषधाची आठवण कोण करते? दुकानात एकटा जातो का? सहाव्या महिन्यात उत्तरे बदलली नसतील, तर रुग्णाला जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राकडे पाठवावे. आणि प्रत्येक भेटीत एक प्रश्न काळजी घेणाऱ्या स्त्रीला स्वतंत्रपणे, रुग्ण ऐकत नसताना विचारावा : रात्री झोप किती तास मिळते?